चार मुदती

व्यापारी कुटुंबात ‘मुदत’ हा शब्द कोणाला शिकवावा लागत नाही. घाऊक व्यापाऱ्याच्या बिलाची मुदत, कराचे विवरणपत्र भरण्याची मुदत, बँकेच्या हप्त्याची मुदत, या साऱ्या तारखा गल्ल्यामागच्या दिनदर्शिकेवर खुणा करून ठेवलेल्या असतात. त्यांतील एखादी चुकली तर किती व्याज आणि किती दंड पडेल, हे नुकत्याच दुकानात बसू लागलेल्या मुलालाही ठाऊक असते. त्याच घरातील स्त्रीच्या हाताला स्तनात गाठ लागली, तर मात्र त्या गाठीसाठी कोणतीही तारीख कोठेही लिहिली जात नाही. धाकटीचे लग्न होऊ द्या, दिवाळीचा हंगाम संपू द्या, मार्चअखेर जाऊ द्या, असे म्हणता म्हणता आठवड्यामागून आठवडे निघून जातात. स्तनाच्या कर्करोगातून वाचण्याची शक्यता अनेक गोष्टींवर अवलंबून असते. त्यांपैकी कुटुंबाच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हेच आठवडे होत.

भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आज स्तनाचाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. निदानानंतर पाच वर्षांनी हयात असलेल्या रुग्णांचे प्रमाण संपन्न देशांत शेकडा ९० हून अधिक आहे. भारतात ते शेकडा ६६ च्या आसपास आहे.

हा फरक कोठून येतो, याचे उत्तर भारतातील अकरा कर्करोग नोंदणी केंद्रांच्या एका अभ्यासात मिळते. २०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या १७ हजारांहून अधिक स्त्रियांचा त्यात मागोवा घेतला गेला. रोग स्तनापुरताच मर्यादित असताना ज्यांचे निदान झाले, त्यांच्यापैकी शेकडा ८१ स्त्रिया पाच वर्षांनी हयात होत्या. रोग काखेतील ग्रंथींपर्यंत किंवा आसपास पसरल्यावर ज्या आल्या, त्यांच्यात हे प्रमाण ६५.५ होते. हाडे, फुप्फुस, यकृत अशा दूरच्या अवयवांत तो पोहोचल्यावर ज्या आल्या, त्यांच्यात ते अवघे १८.३ होते. देश तोच, रोगही तोच. फरक प्रामुख्याने रोग कोणत्या टप्प्यावर सापडला याचा.

हा काळ चार भागांत विभागून पाहिला, तर कुटुंबाला नेमके काय करता येते ते स्पष्ट होते. गाठ जाणवल्यापासून ती सांगेपर्यंत, सांगितल्यापासून निदान होईपर्यंत, निदानापासून उपचार सुरू होईपर्यंत, आणि सुरू झालेले उपचार पूर्ण होईपर्यंत, अशा या चार मुदती आहेत.

पहिली मुदत : गाठ जाणवल्यापासून सांगेपर्यंत

सर्वांत लांबणारी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी मुदत हीच. तिला पहिले कारण अज्ञानाचे आहे. दुखत नाही म्हणजे काळजीचे नाही, अशी समजूत सर्वत्र आहे. वस्तुतः स्तनाच्या कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. वेदना हीच धोक्याची खूण मानणारी स्त्री म्हणूनच निर्धास्त राहते. स्तनात किंवा काखेत न दुखणारी कठीण गाठ, त्वचेला पडलेली खळी, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, नव्याने आत ओढले गेलेले स्तनाग्र, स्तनाग्रातून येणारा रक्तमिश्रित स्राव, एका स्तनाच्या आकारात अलीकडे झालेला बदल, यांपैकी काहीही दिसले तर ते डॉक्टरांना दाखवण्याजोगे आहे. त्याचबरोबर हेही खरे की स्तनात आढळणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. म्हणजे दाखवण्यात गमावण्यासारखे काही नाही. बहुतेक स्त्रिया तपासणीनंतर निश्चिंत होऊनच घरी परततात.

दुसरे कारण संकोचाचे. एकत्र कुटुंबात सासूबाई, जाऊ, नणंद साऱ्या असूनही या अवयवाविषयी बोलणे अवघड जाते. पतीला सांगावे तर तो दुकानाच्या व्यापात, आणि मुलाला सांगणे तर कल्पनेतही येत नाही. अशा वेळी घरातील एकीने पुढाकार घेऊन हा विषय आधीच मोकळा करून ठेवला, तर पुढची स्त्री गप्प राहत नाही. सून आणि सासू यांच्यात एवढे एक वाक्य ठरलेले असावे की, काही वेगळे जाणवले तर त्याच आठवड्यात सांगायचे.

तिसरे कारण सर्वांत खोल आहे आणि ते सोयरिकीचे आहे. घरात कर्करोग आहे हे बाहेर कळले तर मुलींची लग्ने अडतील, या भीतीने कित्येक कुटुंबे आजार लपवतात. काही स्त्रिया मुलीचे लग्न पार पडेपर्यंत गाठीचे नावही काढत नाहीत. या भीतीचा विचार वस्तुस्थितीच्या आधारे करायला हवा. स्तनाच्या कर्करोगांपैकी सुमारे ५ ते १० टक्केच आनुवंशिक जनुकदोषामुळे होतात. उरलेल्या बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत आईकडून मुलीकडे गेलेला असा दोष नसतो. जेथे तो असतो, तेथे लपवण्याने सर्वाधिक नुकसान त्या मुलीचेच होते. आई, मावशी किंवा आत्या यांना तरुण वयात हा रोग झाला होता, हे डॉक्टरांना माहीत असेल तर मुलीची तपासणी लवकरच्या वयापासून सुरू करता येते आणि आवश्यक तर जनुकीय चाचणीही करता येते. घराण्याचा आरोग्यविषयक इतिहास वडिलांच्या बाजूचाही सांगावा, कारण हा जनुकदोष वडिलांकडूनही येतो. मुलीच्या सोयरिकीसाठी जे झाकले, तेच उद्या तिच्या जिवावर बेतू शकते.

चाळिशी उलटलेल्या स्त्रीने गाठीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. या बाबतीत मुंबईत झालेला एक प्रयोग जगभर अभ्यासला गेला. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये तो सुरू केला आणि तो वीस वर्षे चालला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी, असे चार वेळा, स्त्रियांचे स्तन हाताने तपासत आणि शंका आल्यास रुग्णालयात पाठवत. उरलेल्या वस्त्यांत केवळ एकदा माहिती दिली गेली. या सेविका डॉक्टर नव्हत्या आणि त्यांच्याजवळ कोणतेही यंत्र नव्हते. डॉ. इंद्रनील मित्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासणी झालेल्या वस्त्यांत पुढच्या, म्हणजे तिसऱ्या व चौथ्या टप्प्यावर सापडलेल्या रुग्णांचे प्रमाण शेकडा ३७ होते. इतर वस्त्यांत ते ४७ होते. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांमध्ये मात्र मृत्यूंत अशी घट सिद्ध झाली नाही.

याच्या शेजारी चीनमधील शांघाय येथील अनुभव ठेवून पाहावा. तेथे कापड गिरण्यांतील २ लाख ६६ हजार स्त्रियांवर असाच मोठा अभ्यास झाला. निम्म्यांना स्वतःचे स्तन स्वतः तपासण्याचे काटेकोर शिक्षण दिले गेले. २००२ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दोन्ही गटांतील मृत्यूंचे प्रमाण सारखेच निघाले. स्वतःच्या शरीराशी परिचय असणे चांगलेच; परंतु आरशासमोरची तपासणी म्हणजे संरक्षण असे समजून चालत नाही. शिकलेल्या हाताची नियमित तपासणी हवी आणि शंका आली की पुढची वाट तयार हवी. भारत सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, असे ठरले आहे. प्रत्यक्षात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात एकीचीही अशी तपासणी कधी झालेली नव्हती. ज्या घरात मोटारीची सर्व्हिसिंग तारखेनुसार होते, तेथे ही तपासणी वर्षातून एकदा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे होण्यास अडचण नसावी. मॅमोग्राफी केव्हा व किती वर्षांनी करावी, हे चाळिशीनंतर डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

दुसरी मुदत : सांगितल्यापासून निदानापर्यंत

जागतिक आरोग्य संघटनेने स्तनाच्या कर्करोगासाठी तीन उद्दिष्टे ठेवली आहेत. निदान रुग्णांपैकी ६० टक्क्यांचे निदान पहिल्या वा दुसऱ्या टप्प्यावर व्हावे. रुग्ण प्रथम दाखवायला आल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावे. आणि ८० टक्के रुग्णांनी उपचार पूर्ण करावेत. यांतील ६० दिवसांची मर्यादा संपूर्ण देशाच्या आरोग्यव्यवस्थेसाठी आहे. शहरात राहणाऱ्या आणि खर्च करू शकणाऱ्या कुटुंबाला तर हे काम दोन-तीन आठवड्यांत करता येते.

निदानाचे तीन भाग असतात. डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि सुईने काढलेल्या तुकड्याची, म्हणजे बायॉप्सीची तपासणी. तिसऱ्या भागापाशी अनेक कुटुंबे थबकतात. सुई टोचली की रोग पसरतो, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि त्याला आधार नाही. उलट बायॉप्सीशिवाय गाठ काढून टाकणे हीच हानिकारक घाई ठरू शकते, कारण मग पहिली शस्त्रक्रिया अपुरी होते आणि दुसरी करावी लागते.

बायॉप्सीच्या अहवालात गाठ कर्करोगाची आहे एवढेच पाहून थांबू नये. तिच्यात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राहक आहेत का, आणि एचईआर-२ हे प्रथिन अधिक आहे का, ही तपासणी झाली आहे याची खात्री करावी. औषधांची निवड यावरच ठरते. एचईआर-२ अधिक असलेल्या रोगात केमोथेरपीला ट्रास्टुझुमॅब या औषधाची जोड दिल्याने रोग परतण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटते, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत दिसून आले. ही तपासणी झालीच नाही, तर ज्या रुग्णाला या औषधाचा उपयोग झाला असता ती त्यापासून वंचित राहते. सारे अहवाल, फिल्म आणि बायॉप्सीच्या काचपट्ट्या एका फायलीत क्रमाने ठेवाव्यात. हिशेबाच्या फायली जपणाऱ्या घरांना हे काम सांगावे लागू नये.

तिसरी मुदत : निदानापासून उपचारापर्यंत

निदान झाल्यावर घरात सल्ल्यांची गर्दी होते. सुरतेच्या मामांचे एक मत, बंगळुरूच्या भाच्याचे दुसरे, आणि कोणीतरी पाठवलेला मोबाइलवरचा संदेश तिसरेच काही सांगत असतो. दुसरे वैद्यकीय मत घेणे योग्यच आहे. पण ते एका आठवड्यात, एका मान्यवर कर्करोग केंद्रात आणि सारी फाइल बरोबर नेऊन घ्यावे. पाचव्या-सहाव्या मतातून बहुधा नवे काही हाती लागत नाही, केवळ तारीख पुढे जाते. सात प्रकारच्या कर्करोगांवरील अनेक अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया चार आठवड्यांनी लांबली की मृत्यूचा धोका सुमारे ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात आढळले. आवश्यक तपासण्यांना लागणारे पंधरा-वीस दिवस घातक नसतात. विनाकारण गेलेले महिने मात्र घातक ठरतात. पहिल्यांदा डॉक्टरांना दाखवल्यापासून तीन महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे.

या मुदतीत आणखी एक मोह असतो. शस्त्रक्रिया व केमोथेरपी टाळून केवळ पर्यायी औषधांवर राहून पाहू, असा तो मोह. अमेरिकेतील एका अभ्यासात प्रस्थापित उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेतलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका पाचपटीहून अधिक आढळला. घरगुती काढा, योगासने, ध्यान यांना डॉक्टरांना विचारून उपचारांच्या जोडीने स्थान देता येते. त्यांच्या जागी नव्हे.

अनेक स्त्रिया स्तन गमावण्याच्या भीतीने मागे सरतात. ही भीती समजण्यासारखी आहे आणि तिला उत्तरही आहे. अमेरिकेत डॉ. बर्नार्ड फिशर आणि इटलीतील मिलान येथे डॉ. उंबेर्तो वेरोनेसी यांनी स्वतंत्रपणे अभ्यास केले. संपूर्ण स्तन काढलेल्या आणि केवळ गाठ काढून नंतर किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांची त्यांनी वीस वर्षे तुलना केली. २००२ मध्ये दोघांचेही निष्कर्ष आले. जगण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. म्हणजे लवकर आलेल्या बहुतेक स्त्रियांना स्तन राखून उपचार घेता येतात. वेळेवर येण्याने जीव वाचण्याची शक्यता वाढते, आणि स्तनही राखता येण्याची शक्यता वाढते.

शस्त्रक्रियेपूर्वी शल्यविशारदांना विचारण्याजोगा एक प्रश्न भारतातील संशोधनाने दिला आहे. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली भारतातील ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीच्या भोवती लिडोकेन हे भूल देणारे औषध टोचले गेले. पाच वर्षांनी या गटातील शेकडा ९०.१ स्त्रिया हयात होत्या. दुसऱ्या गटात ८६.४. शंभर स्त्रियांमागे सुमारे चार जीव अधिक वाचले, आणि त्या औषधाचा खर्च शंभर रुपयांच्याही आत. हा अभ्यास आरंभीच्या टप्प्यावर, आधी केमोथेरपी न घेता थेट शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपुरता होता. त्यामुळे एखाद्या विशिष्ट रुग्णाला ते लागू आहे का, हे तिच्या शल्यविशारदांनाच विचारावे.

चौथी मुदत : उपचार पूर्ण होईपर्यंत

शस्त्रक्रिया झाली, घरी आल्यावर पेढे वाटले, आणि कुटुंबाच्या दृष्टीने प्रकरण मिटले. येथेच अनेकींची वाट चुकते. गाठ काढल्यानंतरचे किरणोपचार हे ऐच्छिक नसतात. स्तन राखून शस्त्रक्रिया झालेल्या १० हजारांहून अधिक स्त्रियांच्या एकत्रित विश्लेषणात दहा वर्षांत रोग परतण्याचे प्रमाण किरणोपचारांशिवाय शेकडा ३५ होते. किरणोपचार घेतलेल्यांत ते १९ च्या आसपास होते. संप्रेरकांचे ग्राहक असलेल्या रोगात टॅमॉक्सिफेनची गोळी पाच वर्षे घेतल्याने पुढील पंधरा वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात. ही गोळी स्वस्त आहे आणि कोणत्याही औषध दुकानात मिळते. परंतु पाच वर्षे रोज एक गोळी, तीही काही दुखत नसताना घेणे, ही चिकाटीची परीक्षा असते. अंगातून वाफा येणे, सांधे दुखणे अशा त्रासांनी कंटाळून ती मध्येच सोडली जाते आणि डॉक्टरांना सांगितलेही जात नाही. त्रास सांगितला तर त्यावर उपाय असतो किंवा औषध बदलता येते. कर्जाचा शेवटचा हप्ता फिटेपर्यंत ज्या शिस्तीने हप्ते भरले जातात, त्याच शिस्तीने या गोळीची नोंद घरातील एखाद्याने ठेवावी.

जैन कुटुंबांत येथे एक विशेष प्रश्न उभा राहतो, तो उपवासांचा. चातुर्मास आला, पर्युषण जवळ आले, की वर्षानुवर्षे अठ्ठाई करणाऱ्या स्त्रीला केमोथेरपी चालू असतानाही स्वस्थ बसवत नाही. केमोथेरपीच्या काळात रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, वजन उतरते, उलट्यांनी शरीरातील पाणी कमी होते. अशा वेळी दीर्घ उपवास उपचारांची पुढची पाळी लांबवू शकतो. म्हणून तपस्येचा निर्णय तिने आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारून घ्यावा, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी ‘यंदा राहू दे’ हे वाक्य स्वतः पुढे होऊन उच्चारावे; म्हणजे तिच्या मनावर ओझे राहत नाही. मूग, मटकी, मसूर, दूध, पनीर, शेंगदाणे यांतून सूर्यास्तापूर्वीच्या जेवणातही पुरेशी प्रथिने मिळू शकतात. औषधाच्या वेळा सूर्यास्ताच्या नियमाशी कशा जुळवता येतील, हेही मोकळेपणाने विचारावे; अनेकदा त्या जुळवता येतात. घरात पाणी उकळून पिण्याची रीत या काळात आयतीच उपयोगी पडते.

उपचार सुटण्याचे दुसरे कारण पैसा आणि प्रवास. जिल्ह्याच्या गावातून मुंबईस वारंवार जाणे झेपत नाही, तेव्हा उपचार अर्ध्यावर सोडण्याऐवजी मोठ्या केंद्रात योजना ठरवून पुढील पाळ्या जवळच्या रुग्णालयात घेता येतील का, ते विचारावे. २०१२ मध्ये उभारलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातील अनेक कर्करोग केंद्रे सहभागी आहेत आणि सर्वत्र समान दर्जाचे उपचार व्हावेत, यासाठी तेथे सामाईक मार्गदर्शक तत्त्वे आखलेली आहेत. पात्र कुटुंबांना आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहे.

इतरांनी आरोग्यविमा निरोगी असतानाच घ्यावा. निदानानंतर घेतलेली पॉलिसी त्या रोगासाठी उपयोगी पडत नाही. दुकानातील मालाचा आगीचा विमा दरवर्षी न चुकता भरणाऱ्या घरात आईचे नाव मात्र हप्ता महाग म्हणून पॉलिसीतून वगळले जाते, हा हिशेब तपासून पाहावा. गंभीर आजारांवर एकरकमी पैसे देणाऱ्या पॉलिसीत अगदी आरंभीचा, त्याच जागी मर्यादित असलेला कर्करोग बहुधा समाविष्ट नसतो. म्हणून तीच एक पॉलिसी पुरेशी मानू नये.

समाजाने करण्याचे काम

समाजातील मंडळे आरोग्य शिबिरे उत्साहाने भरवतात. त्या उपक्रमात मुंबईच्या अनुभवाची एक शिकवण घेता येईल. तेथे सेविकांच्या हाताला शंका आली की त्या स्त्रीला रुग्णालयात पाठवले जाई आणि निदान व उपचारांची सोय त्या हाताच्या मागे उभी होती. शिबिरात नाव नोंदवले, तपासणी झाली, छायाचित्र निघाले आणि ज्या तीन स्त्रियांच्या बाबतीत शंका होती त्यांचे पुढे काय झाले हे कोणालाच ठाऊक नाही, असे झाले तर त्या शिबिराचे पुण्य कागदावरच राहते. महिला मंडळातील दोघीजणींनी अशा प्रत्येक स्त्रीच्या नावापुढे साठाव्या दिवसाची तारीख लिहावी, तिच्याबरोबर तपासणीला जावे आणि अहवाल येईपर्यंत पाठपुरावा करावा. तिचे नाव त्या दोघींपुरतेच राहील, एवढे वचनही द्यावे. दात्यांनी एका वर्षी कमानीचा खर्च वाचवून बायॉप्सीचा खर्च उचलला, तर ते दान थेट जिवापर्यंत पोहोचेल.

हे सारे करूनही प्रत्येक वेळी यश येईलच, असे नाही. काही कर्करोग मुळातच वेगाने वाढणारे असतात आणि वेळेवर आलेल्या स्त्रीलाही ते हार मानायला लावतात. तेव्हा तिला वा घरच्यांना दोष देण्यात अर्थ नसतो. उशिरा आलेल्या स्त्रीनेही आशा सोडण्याचे कारण नाही. रोग दूरवर पसरल्यानंतरही पाच वर्षे पार करणाऱ्या स्त्रिया आहेत, हे वरचा आकडाच सांगतो. शेवटचा शब्द कोणाच्याच हातात नसला, तरी चार मुदती मात्र घराच्या हातात आहेत. येत्या महिन्याच्या दिनदर्शिकेवर हप्त्यांच्या आणि विवरणपत्रांच्या तारखांच्या जोडीने घरातील चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीच्या तपासणीची तारीख लिहावी. आणि जिच्या हाताला आजच काही लागले आहे, तिच्यासाठी ती तारीख उद्याची असावी.